विमानवाहू ‘नासर्डी’

काचा पुसायच्या निळ्या पाण्याला एक झोंबरा वास असतो. नाकात शिरला की डोळ्यांच्या कडा ओलावतात आणि बघणाऱ्याला उगाच वाटतं, बाई रडते आहे. आज सकाळी हॉलच्या खिडक्या पुसायला घेतल्या, पहिलाच फवारा मारला आणि तो वास घरभर झाला. माझ्या लेखी मात्र तो अमोनिया प्रिंटचा वास आहे. पूर्वीच्या ड्रॉइंग ऑफिसात ज्यांनी पाऊल टाकलं असेल, त्यांना तो सांगायला नको. यंत्रातून बाहेर पडणारे ते ओलसर मोठाले कागद, जांभळट रेषांचे, हातात घेतले की बोटांनाही वास लागायचा. हे, म्हणजे माझे यजमान, सातपूरच्या एका पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि संध्याकाळी तो वास अंगावर घेऊनच घरी यायचे. लग्नानंतरचे काही महिने मला वाटायचं, नोकरी करणाऱ्या सगळ्याच पुरुषांना असा वास येत असावा. खिडकी अर्धी पुसून मी खुर्चीवर टेकले. अर्धी काच लख्ख आणि अर्धी धुरकट, हे लिहितानाही ती तशीच आहे.

कारखान्यात हे कागदावर पंप काढायचे आणि घरी विमानवाहू जहाजं. नाशकात राहून जहाजं! इथून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो, आणि आमची गंगा, म्हणजे गोदावरीसुद्धा जवळचा समुद्र सोडून पार उलट्या दिशेला निघून जाते. पण ह्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर एक संस्थान मनात वसवलं होतं. ते कधी कुणाच्या ताब्यात गेलं नाही, असं धरून चालायचं. त्याची खाडीतली गोदी होती, हट्टी आरमार होतं आणि एक कंजूष संसद होती. काळ दोन महायुद्धांच्या मधला. विमानं अजून दुपंखी, कापडी, हलकी. जहाजाच्या पाठीवर लांबलचक सपाट डेक बांधून त्यावरून ती उडवायची आणि पुन्हा त्यावरच उतरवायची, ही कल्पनाच तेव्हा नवी होती, आणि धुराडं कुठे ठेवावं इथपासून जगातली सगळी आरमारं चाचपडत होती. ह्यांना तो चाचपडण्याचा काळ फार आवडायचा. कुणालाच काही नक्की माहीत नसतं तेव्हा माणसं सगळ्यात छान काम करतात, असं ते म्हणायचे.

संस्थानाचं आरमार म्हणजे हे, आणि संसद म्हणजे मी. ती नेमणूक एका रविवारी झाली. पंचवटीतल्या एका शाळेत मी इतिहास शिकवत असे. ह्यांनी पहिल्यांदा एक जहाज काढून जेवणाच्या टेबलावर पसरलं, तेव्हा मी हातातली कोथिंबीर निवडता निवडता एवढंच म्हटलं, “डेकवरची ही विमानं त्या साली नव्हती.” ह्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की कांदेपोह्यांच्या वेळीसुद्धा तसं पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून दर रविवारी चहानंतर अधिवेशन भरू लागलं. हे उभे राहून मागणी मांडायचे, मी बसून ती कापायची. माझा नियम एकच होता. आपल्या आरमाराचं जे साल चालू असेल, त्या सालात जगाला जे ठाऊक नव्हतं ते आपल्यालाही ठाऊक नाही. पुढे युद्ध होणार, विमानं अवजड होणार, असली उसनी अक्कल चालायची नाही. “हे तुम्हाला कसं कळलं?” असं मी विचारलं आणि ह्यांना त्या सालातलं उत्तर देता आलं नाही, की मागणी रद्द.

दुसरी अडचण वजनाची. त्या काळी कुणाच्या आरमारानं एकूण किती टनांची जहाजं बांधावीत, याचे तह असत. आमच्या संस्थानानंही तशा एका तहावर सही केली होती. आमचं टनेज म्हणजे चिंचोके, आणि ते माझ्या ताब्यात, फोडणीच्या डब्याशेजारच्या एका झाकणाच्या डब्यात. डेक लांबवला, काढा चिंचोके. तोफा वाढवल्या, काढा चिंचोके. हे अक्षरशः गयावया करायचे. कारखान्यात साहेबाशी कधी वर मान करून न बोललेला हा माणूस माझ्यापुढे टेबलावर मूठ आपटायचा. मीही काही कमी नव्हते. वर्गात मुलींना गप्प करायचा माझा आवाज होता, तो मी रविवारी घरात लावायची. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा हळूच विचारलंही होतं, “सगळं ठीक आहे ना तुमचं? भांडणाचा आवाज येतो.” ठीक काय, आमच्या संसारातला तो सगळ्यात सुखाचा तास होता.

एकदा मी शाळेतून आले तर घरभर उदबत्तीचा धूर. टेबलावर पुठ्ठ्याचं हातभर जहाज, त्याच्या धुराड्यात खोचलेल्या उदबत्त्या आणि समोर लावलेला टेबलफॅन. हे डोळा डेकच्या पातळीला लावून बसलेले. धुराड्याचा धूर उतरणाऱ्या वैमानिकाच्या तोंडावर येतो की बाजूने निघून जातो, ते बघत होते. मी विचारलं, “आज कसली पूजा?” मान न वळवता म्हणाले, “वाऱ्याची. पंखा दोनवर कर.” तेव्हा मुलगी लहान होती. ती दोन दिवस मैत्रिणींना सांगत फिरली की आमच्या घरी वायुदेव आहे.

पुढे अमोनियाची यंत्रं गेली, आणि हे निवृत्त झाल्यावर आम्ही मोठ्या प्रती काढायला कॉलेज रोडच्या एका दुकानात जायचो. दुकानदार मालेगावकडचा, बोलका. पहिल्या दिवशी त्यानं कागद काउंटरवर उलगडला आणि बघतच राहिला.

“काका, लय भारी काम हे. कुठं बांधून राहिले हे जहाज?”

“गंगेवर,” हे चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणाले.

“गंगेवर? रामकुंडात मावंल का पण?”

“म्हणूनच तर संसद मंजुरी देत नाही,” असं म्हणून ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून तो मला ‘मंत्रीणबाई’ म्हणायचा.  परवा रस्त्यात दिसला तेव्हा म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून त्यानं तो शब्द गिळला. गिळायला नको होता.

जहाजांना नावं आमच्या नद्यांची. दारणा, कादवा, वालदेवी, गिरणा. यांतली एकही कोकणच्या समुद्राला मिळत नाही. ह्यांचं म्हणणं, म्हणूनच त्यांना निदान नावानं तरी तो दाखवावा. शेवटच्या आणि सगळ्यात मोठ्या जहाजाचं नाव त्यांनी ‘नासर्डी’ ठेवलं, तेव्हा मात्र मला हसू आवरेना. नासर्डी आमच्या कॉलनीमागून वाहते. वाहते म्हणायचं आपलं. एरवी तिच्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि सांडपाणी, आणि पूर आला की तीच पुलावर चढते. मी म्हटलं, “अहो, आरमाराच्या अभिमानाला त्या नाल्याचं नाव?” म्हणाले, “तिला कुणी विचारत नाही, म्हणून.”  नाव मंजूर झालं.

खरं भांडण झालं ते लिफ्टवरून. विमानं डेकखालच्या कोठारात ठेवायची आणि लिफ्टनं वर आणायची, अशी रचना असते. लिफ्ट मोठी हवी तर डेकला मोठं भोक पडतं, सांगाडा दुबळा होतो, तो भक्कम करायला लोखंड वाढतं आणि चिंचोके संपतात. ह्यांना नासर्डीची लिफ्ट मोठी हवी होती. आमच्या आरमाराचं साल होतं एकोणीसशे छत्तीस. छत्तीसातली विमानं पंख मिटून लहान लिफ्टवर आरामात मावत. मी विचारलं, “मोठी कशाला? विमानं वाढणार हे तुम्हाला कसं कळलं?” मग सबबी सुरू झाल्या. बोटी खाली न्यायच्यात, जखमींच्या डोल्या न्यायच्यात, एकदा तर म्हणाले, सरदारांचा हत्ती न्यायचाय. मी सगळ्या फेटाळल्या. हे चिडले, हसले, पुन्हा चिडले. कागदावर लिफ्टची जागा कोरीच राहिली.

त्याच दिवसांत ह्यांच्या तपासण्या झाल्या. मुंबई नाक्याकडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला दोघांनाही समोर बसवलं आणि जे सांगायचं ते नीट, हळू आवाजात सांगितलं. परतताना आम्ही रिक्षा केली. द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा हे समोर बघत म्हणाले, “आपल्याला हे अजून कळलेलं नाही, असं धरू. आपण छत्तीसातच राहू.” नियम माझाच होता, आयुष्यभर मीच तो ह्यांच्यावर चालवला होता. मी मान हलवली. माझा हात ह्यांच्या हातात होता आणि गार कुणाचा होता, मला सांगता येणार नाही.

त्या हिवाळ्यात नाशकात मनासारखी थंडी पडली. द्राक्षं बाजारात आली तेव्हा ह्यांना ती खाववत नव्हती, पण टेबलावर वाटीत लागायची. रविवार चुकला नाही. पांघरूण घेऊन हे टेबलाशी बसायचे, उभं राहणं जमत नसे, म्हणून आरमारानं बसून बोलायला संसदेनं खास परवानगी दिली. मी जराही सवलत दिली नाही. एकदा मला वाटलं, द्यावी मोठी लिफ्ट, काय जातं आपलं? डब्याकडे हातही गेला. ह्यांनी ते पाहिलं आणि चेहरा असा उतरला, की मी हात मागे घेतला. मी दया केली असती तर छत्तीस साल तिथेच संपलं असतं. म्हणून मी करड्या आवाजात म्हटलं, “पुढच्या रविवारी बघू.” ह्यांचे डोळे पुन्हा भांडखोर झाले. पुढच्या रविवारी आम्ही दवाखान्यात होतो आणि त्याच्या पुढच्या रविवारी मी एकटी होते.

माणसं विचारतात, करमतं का. मी हो म्हणते. खरं सांगायचं तर नाही करमत. घर मोठं वाटतं, वेळ लांबतो, हे तर सगळ्यांचंच होत असणार. मला छळते ती गोष्ट वेगळी आहे. हे गेल्यापासून मला कुणी विरोधच करत नाही. वहिनी म्हणतात, तुमचं बरोबर आहे. बँकेतला मुलगा म्हणतो, मॅडम, तुम्ही म्हणाल तसं. भाजीवालीसुद्धा मी मागते तो भाव निमूट देते. सगळे माझ्याशी इतकं जपून बोलतात की मी काही चुकीचं बोलले तरी ते तसंच हवेत राहतं. एखाद्याचं म्हणणं खोडून काढायला त्याच्याबद्दल केवढी खात्री लागते! हा माणूस उठून जाणार नाही, पुढच्या रविवारी पुन्हा इथेच बसणार आहे, ही खात्री. ती आता मला कुणाची नाही, आणि माझीही कुणाला नसावी.

मुलगी पुण्याला असते. मगाशी, खिडकी अर्धी टाकून बसले होते तेव्हाच तिचा फोन आला. नासर्डीचं चित्र फ्रेम करून तिच्या घरात लावायचं, असं तिनं मनावर घेतलं आहे.

“आई, तेवढी लिफ्ट रेखून टाक ना. कोरी जागा बरी नाही दिसत. आणि मोठीच काढ हं. मी वाचलं, बाबांचं बरोबर होतं. पुढे विमानं इतकी वाढली की लहान लिफ्टवर ती मावेनात.”

“ते मला माहीत आहे गं. तू जन्मायच्या आधीपासून माहीत आहे.”

“मग अडलं कुठे?”

“छत्तीस सालात माहीत नाही.”

 मला वाटलं, आता हिचा बाबांसारखा आवाज चढेल. मी खुर्चीत जरा सरसावूनही बसले.

“बरं आई,” ती मऊ आवाजात म्हणाली. “तू म्हणशील तसं.”

फोन ठेवल्यावर मी कपाटातून नासर्डी काढली. टेबलावर पसरली, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, शेजारी चिंचोके ओतले. ह्यांचा गुण्या घेतला, पेन्सिलीला टोक केलं. मोठी लिफ्ट काढली असती तर ह्यांना आवडलं असतं, असं कुणालाही वाटेल. मला माहीत आहे, आवडलं नसतं. फुकट मिळालेली लिफ्ट घेऊन हे काय करणार होते? मी नियमानं लहानच काढली, छत्तीसातल्या विमानापुरती, आणि मुद्दाम रेघा ठसठशीत ओढल्या. मग खोडरबर ह्यांच्या खुर्चीसमोर ठेवलं आणि मोठ्यानं म्हटलं, “अहो, लहानच ठेवलीय. घ्या हरकत.”

अर्ध्या पुसलेल्या काचेतून ऊन टेबलावर आलं होतं. खाली मेथीवाली ओरडत गेली. निळ्या पाण्याचा वास आता विरत चालला होता आणि समोरचं खोडरबर जिथल्या तिथे होतं. मी बराच वेळ वाट पाहिली. मग उरलेले चिंचोके डब्यात भरून झाकण लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्या संसदेत एक आराखडा बिनविरोध मंजूर झाला.