अकरा दिवसांचा ताप

आठवीत असताना आमच्या वर्गाला सारखा ताप यायचा. कुणी मावशीच्या लग्नाला जाऊन आली, कुणी कापूस वेचायला रानात राहिली, कुणी नुसतीच घरी झोपली, तरी परत आल्यावर रजेचा अर्ज इंग्रजीत द्यावा लागे, आणि इंग्रजीत आम्हाला एकच अर्ज येत होता. ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर’ अशी त्याची सुरुवात. सगळ्या मुलींनी तो घोकून पाठ केलेला. सफरिंग म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर निम्मा वर्ग गप्प बसला असता. त्यात मीही होते.

मी औरंगाबादला मामाकडे राहून शिकत होते. माझे आईवडील मेंढरांमागे असत. दिवाळी झाली की आबा आणि माय कळप घेऊन पैठणच्या वाटेला लागत. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलवायचे. कळप दोन-तीन मुक्काम एका रानात बसला की जमिनीला खत मिळे आणि आम्हाला धान्य. त्या वर्षी तिकडे धरणाचं काम जोरात चालू होतं. ट्रकच्या धुरळ्यातनं मेंढरं सांभाळत न्यायची म्हणजे माणसं कमीच पडायची. त्यात मायच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय सुजून भोपळ्याएवढा झाला. आबांनी एस.टी.नं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मामाकडे निरोप धाडला, ‘मेंढ्या विताहेत, पोरीला लावून द्या.’

मी गेले. चितेगावच्या पुढं एका ज्वारीच्या रानाशेजारी आमचं कापडी पाल ठोकलेलं होतं. नव्या कोकरांना कळपाबरोबर चालता येत नाही, त्यांना झोळीत घालून न्यावं लागतं. संध्याकाळी मेंढ्या परत आल्या की ज्याची त्याला आई शोधून द्यायची. कोकरू चुकीच्या मेंढीला लागलं तर ती त्याला ढुशी मारते. मी अकरा दिवस हेच केलं. मायच्या पायाची सूज उतरली, ती काठी टेकत उभी राहिली, तशी मी परत शाळेत आले आणि तापाचा अर्ज लिहून टेबलावर ठेवला.

इंग्रजीच्या बाई त्याच वर्षी नव्या आल्या होत्या. वयानं लहान, आवाज बारीक. वर्गात दोन मुली बोलायला लागल्या तरी बाईंचं वाक्य हरवायचं. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

“अकरा दिवस ताप होता?”

“व्हय बाई.”

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, हिच्या दप्तराला मेंढरांचा वास येतोय.” वर्ग हसला. मी मान खाली घातली. माझ्या दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे होते, ते मी ओढणीखाली लपवले.

बाई हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी मला थांबवून घेतलं. “खरं काय ते सांग. मी रागवणार नाही.”

मी सांगितलं. सांगता सांगता मला वेगळंच रडू यायला लागलं. मायचा पाय सुजलेला असताना आपण स्वतःच्याच तापाचं खोटं लिहिलं, याचं.

“मग हेच लिही ना,” बाई म्हणाल्या.

“पण बाई, हे इंग्रजीत नाय.”

“का नसेल? बस इथं.”

आम्ही दोघी लिहायला बसलो. मी मराठीत वाक्य सांगायचं, बाईंनी शब्द द्यायचे, जुळवायचं मी. ‘माय मदर्स फूट वॉज स्वोलन.’ मला वाक्य लगेच आवडलं, सुरुवातच ‘माय’नं होती. पुढं मी ‘शीप्स’ लिहिलं, तर बाईंनी शेवटचं अक्षर खोडलं.

“एकालाही शीप आणि अनेकांनाही शीपच.”

“म्हणजे एक मेंढरू बी शीप अन् दोनशे बी शीप? मग एखादं कमी झालं तर गोऱ्या साहेबाला कळायचं कसं?”

बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की व्हरांड्यातल्या मुली वळून बघायला लागल्या. ‘रानात मेंढरं बसवणं’ याला मात्र त्यांना शब्द सापडेना. “मला येत नाही,” त्या सरळ म्हणाल्या. मास्तर लोकांना एखादी गोष्ट येत नाही, हे मी तोवर कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. शेवटी आम्ही लिहिलं, मेंढरं शेतात बसतात आणि शेत चांगलं होतं. दहा कोकरं झाली, तेही घातलं.

अर्ज हेडमास्तरांकडे गेला. ते जुने, पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या काळापासून उर्दूत शिकवत आलेले. मराठी बोलता बोलता उर्दूत शिरायचे. त्यांनी आम्हा दोघींनाही बोलावलं.

“बेटी, बुखार लिखा होता तो मैं अभी दस्तखत कर देता,” ते म्हणाले. “आजारपणाची रजा मंजूर करता येते. मेंढरांसाठी कायदा नाही. ह्या पोरीची हजेरी आधीच कमी आहे. आता परीक्षेला कशी बसवू?”

बाई टेबलाजवळ पुढं झाल्या. “चूक माझी आहे सर. मीच तिला खरं लिहायला सांगितलं.”

हेडमास्तरांनी अर्ज पुन्हा वाचला, ह्या वेळी सावकाश. मग म्हणाले, “रविवारी येऊन खाडे भरून काढील का ही?”

“काढील. मी येईन शिकवायला.”

गैरहजेरी खोडली गेली नाही, पण परीक्षेला बसायला परवानगी मिळाली. मी अकरा रविवार शाळेत गेले. बाई एकाही रविवारी चुकल्या नाहीत.

त्यातल्याच एका रविवारी आबा मला भेटायला आले. खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा. वर्गात येईनात, उंबऱ्याबाहेरच बसले. बाईंनी तो अर्ज काढला आणि एकेक वाक्य इंग्रजीत वाचलं. मी मराठीत सांगत गेले. आबा डोळे मिटून ऐकत होते.

“आमच्या मेंढरांचं लिवलंय हे?” त्यांनी विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या.

“लई बेस. पर एक चुकलंय. कोकरं दहा नाय, चौदा झाली. चार हिच्या माघारी झाली.”

बाईंनी तिथल्या तिथं दहाचे चौदा केले आणि विचारलं, “आता बरोबर?”

आबांनी मान डोलावली.

पुढं वर्गातल्या इतर मुलीही रजेच्या अर्जात काय काय खरं लिहायला लागल्या. एकीनं आजीच्या दातदुखीबद्दल लिहिलं, एकीनं घरात पाहुणे येऊन राहिल्याबद्दल. बाई चुका दुरुस्त करायच्या, कारण मात्र बदलायला लावायच्या नाहीत. हेडमास्तर कधी सही करायचे, कधी नाही.

वार्षिक परीक्षेत मला इंग्रजीत पास होण्यापुरते गुण पडले. उन्हाळ्यात बाईंचं लग्न झालं आणि त्या नांदेडकडे निघून गेल्या. जाताना मला पत्ता देऊन गेल्या. इंग्रजीतच पत्र लिहायचं असं मी ठरवलं, तीन वेळा लिहिलं, तीन वेळा चुकांच्या भीतीनं फाडलं. शेवटी मराठीत लिहिलं. महिन्यानं उत्तर आलं, तेही मराठीत, चार पानी. सासरी फार एकटं वाटतं, असं त्यांनी खरं खरं लिहिलं होतं.