परत घेतलेलं गाऱ्हाणं

विक्रोळीच्या त्या चाळीत सत्यनारायण असो की कुणाच्या नव्या रिक्षेपुढे नारळ फोडायचा असो, गाऱ्हाणं घालायला धोंडू परबच लागायचा. मरोळला लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा हा मालवणी गडी नारळ घेऊन देवाशी बोलायला लागला, की समोरच्या इमारतीतली माणसंही गॅलरीत यायची. आवाजच तसा! प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, आणि सगळ्यांचा व्हय पडला तरच गाऱ्हाणं देवाला पोचतं, असं धोंडूचं ठाम मत. शिवाय देवाकडे गुळमुळीत मागायचं नाही. पोरगी दहावीला असेल तर कोणता विषय कच्चा आहे तेही तो देवाला सांगायचा.

त्याला स्वतःला जठराचा कॅन्सर निघाला, तेव्हा स्वतःसाठीही त्याने तसंच रोखठोक मागितलं. “ह्यां दुखणां जांव दे, पण माझां पोट शाबूत ठेव रे म्हाराजा!” अख्खी चाळ ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज सुलक्षणाचा, त्याच्या बायकोचा. बांगड्याचं तिखलं, ते माशाचं झणझणीत कालवण, समोर आलं की धोंडू जग विसरायचा, आणि त्याला तसं जेवताना पाहणं हेच तिचं सुख होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर संघमित्रा जाधव बेडपाशी आल्या. “काका, दिसते तेवढीच गाठ कापून चालत नाही. भोवतीचा चांगला भागही काढावा लागतो. तुम्ही टेबलावर असतानाच कापलेली कडा तपासायला जाईल. तिच्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तर आणखी कापावं लागेल. कदाचित पूर्ण जठर.”

“आणि ठेवलंत तर?”

“तर तो परत यायची भीती जास्त. जठराशिवाय माणूस जगतो, काका. थोडं थोडं, पण सारखं खायचं.”

धोंडूने सही केली आणि मग त्याला दरदरून घाम फुटला. वाट लागली! आपण तर देवाकडे भलतंच मागून बसलोय! देवाने ऐकलं आणि जठर राहिलं, तर कॅन्सरही राहायचा. आणि घातलेलं गाऱ्हाणं ज्याने घातलं त्यानेच परत घ्यायचं असतं.

सकाळी ट्रॉली दारात आली आणि धोंडू गाऊन सावरत बेडवरून खाली उतरला. नर्स म्हणाली, “अहो काका, कुठे निघालात?” त्याने शेजारच्या पेशंटची मोसंबी उचलली, नारळासारखी दोन्ही हातांत धरली आणि आवाज लावला.

“बा रवळनाथा म्हाराजा! मागच्या खेपेक पोट शाबूत ठेव म्हणान मागलंय, तां मी परत घेतंय! पोट जातलां तर जांव दे, पण कडा साफ येंव दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वॉर्ड दणाणला. घाटकोपरचे गुजराती काका ओरडले, नर्स ओरडली, सलाइन लावलेला मुलुंडचा रिक्षावालाही ओरडला. धोंडूच्या अंगावर काटा आला. काय झकास व्हय पडला होता!

पण ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या सुलक्षणाचे ओठ मिटलेलेच होते. नवऱ्याचं पोट जाऊ दे, याला व्हय म्हणायला तिची जीभ रेटेना. धोंडूने ते पाहिलं. एक व्हय कमी, एवढंच मनात घेऊन तो आत गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरोखर भीती वाटली.

शुद्धीवर आला तेव्हा जठर नव्हतं. पहिली कडा खराब निघाली होती. डॉक्टरांनी आणखी वर कापलं, तेव्हा दुसरी साफ आली. “पण पक्का रिपोर्ट अजून यायचाय,” त्या म्हणाल्या.

तो रिपोर्ट आला तेव्हा धोंडू डॉक्टरांच्या खोलीत खुर्चीवर आकसून बसला होता. डॉक्टरांनी कागद वाचला आणि त्यांचाच आवाज चढला. “काका, सगळ्या कडा साफ! केमो आहे, तपासण्या आहेत, पुढचं वचन मी देणार नाही. पण आतापर्यंत मस्त झालंय!”

धोंडूने हात जोडले. तेवढ्यात मागून कुणीतरी इतक्या जोरात ओरडलं, की बाहेर थांबलेले पेशंट दारात जमले.

“व्हय म्हाराजा!”

सुलक्षणा उभी होती. गाल भिजलेले, हातात पेजेचा डबा.

“आता व्हय?” धोंडूने विचारलं. “पोट गेलां तरी?”

“गेलां तर गेलां,” ती डबा उघडत म्हणाली. “तुमी आसात ना!”