पाद्र्याच्या बायकोचं शेवटचं प्रकरण

माझ्या बायकोने मला फसवलं, आणि मुलीने तिला साथ दिली. फसवलं मीही, पण माझी लबाडी पाच मिनिटंसुद्धा टिकली नाही.

गेल्या हिवाळ्यात केमो सुरू झाली आणि बायकोची नजर अक्षरांवर ठरेना. मुलगी लग्न होऊन हॅमिल्टनला असते. तिथल्या युनिव्हर्सिटीत ती आजच्या अमेरिकन कादंबऱ्यांतल्या देवावर संशोधन करते. त्यांच्या कादंबऱ्यांत देव काय करतो, हे मला कधी कळलं नव्हतं. तिने एक जाडजूड पुस्तक आणलं आणि म्हणाली, "बाबा, यू रीड इट टू हर."

न्यूझीलंडला आलो तेव्हा मी न्यू लिनच्या एका डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध-पाव विकत सुरुवात केली. आज स्वतःचं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. गाड्यांच्या कागदांपलीकडे मी काही वाचलेलं नाही. पण बायकोने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. माझे इंग्रजी उच्चार ऐकून ती हसायला लागली, म्हणून मी एकेक पान मनात वाचून तिला मराठीत सांगू लागलो.

मक्याच्या शेतांमधलं छोटं गाव. तिथल्या पाद्र्याच्या बायकोला हाच आजार होतो. सगळं गाव प्रार्थना करतं, पण पाद्री स्वतः काहीच मागत नाही. भांडी घासतो, तिच्या स्वेटरची बटणं लावून देतो आणि म्हणतो, देवाची कृपा मिळते ती न मागता, ती विकत घेता येत नाही.

"हा माणूस सांगितलेल्या किमतीला गाडी घेणारा," मी चिडून म्हणालो.

"अहो, तो देवाशी बोलतोय. तुमच्या यार्डात नाही आलेला."

"मग देवाशी तरी नीट बोलावं ना!"

मी बोललो होतो. आजार कळला त्याच दिवशी कुलदेवीला नवस केला: हिला बरी कर, गावी येऊन तुझी ओटी हिच्याच हातून भरवीन. 'हिच्याच हातून' हे मुद्दाम घातलं होतं. देवीला साडी हवी असेल तर हिला जगवणं भाग होतं. हिरवी साडी आणून कपाटात ठेवलीसुद्धा. बायकोला सांगितलं तर ती खोकला येईपर्यंत हसली. "देवीलाही अटीत अडकवलंत?"

एका दुपारी हॉस्पिटलात शेवटचं प्रकरण काढलं. दुसऱ्याच पानावर पाद्र्याची बायको गेली. तो सूप गरम करायला स्वयंपाकघरात गेला होता, तेवढ्यात. ना चमत्कार, ना आकाशवाणी. मी थांबलो नाही. पानावर नजर ठेवून सांगत राहिलो: रिपोर्ट चांगले आले, ती बागेत आली, गावाने जेवण घातलं. मग दोघांना समुद्रावरही पाठवून दिलं.

बायको डोळे मिटून ऐकत होती. "छान," ती म्हणाली. "आणि सूप कुणी प्यायलं?"

तिने ते पुस्तक आधीच वाचलं होतं. मुलीबरोबर ती अशी कितीतरी वाचायची. मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग माझ्याकडून का वाचून घेतलंस?" मी ओरडलो. शेजारच्या खाटेवरची बाई दचकली.

"तुम्ही कुणाचंच ऐकत नाही. म्हटलं, पाद्र्याचं तरी ऐकाल."

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी उपयोग नाही म्हणत औषधं थांबवली. आता ती आमच्या अल्बनीच्या घरी आहे. काल तिने ती साडी कपाटातून काढायला लावली. "ओटी लेक भरेल," म्हणाली.

"तसं ठरलेलं नाही."

"मग ठरलेलं बदला. आयुष्यभर तेच तर केलंत."

समोरचा काही बोलला तर मी बदलेन. तो नाही म्हणू दे, जास्त मागू दे, उठून जाऊ दे, त्याला परत खुर्चीवर बसवणं मला येतं. पण इथे समोरून कुणी बोलतच नाही. आज सकाळी मी सूप गरम करायला गेलो आणि गॅस न पेटवताच धावत परत आलो. ती जागीच होती, माझ्याकडे बघत.

साडी टेबलावर आहे, घडी मोडलेली नाही. पाद्र्याने विचारलं नाही, तो त्याचा स्वभाव. मी विचारतोय. देवी, अट स्पष्ट होती आणि तू तेव्हा नाही म्हणाली नव्हतीस. मग हे काय चाललंय? मी हिच्या उशाशी बसलोय. उत्तर दे.