चहा ठेवून केलेला तपास

ती जपानी कार्टून मालिका चांगली होती, हे आधी कबूल करतो. नाहीतर सगळं खापर तिच्यावर फोडून मी मोकळा होईन, आणि ते या वयात मला शोभणार नाही.

दोन हजारनंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत आम्ही चौघं एका खोलीत राहून इंजिनिअरिंग करत होतो. मी पिंपळगाव बसवंतचा, घरची द्राक्षबाग, त्यामुळे खोलीतला एकुलता एक कॉम्प्युटर माझा आणि खोलीत शब्दही माझाच चालायचा. दोघं कळवणचे होते. चौथा सुरगाण्याचा, आदिवासी घरातला. अभ्यासात आमच्यापेक्षा हुशार आणि बोलायला एकदम कमी.

मालिकेच्या सीडी मुंबईच्या मावसभावाने कॉपी करून दिल्या होत्या. आमचे वडील बाजार समितीच्या कामाला आले की न सांगता खोलीवर टपकायचे आणि टेबलावरची एकेक वस्तू उचलून बघायचे. म्हणून मी प्रत्येक सीडीवर मार्करने विषयांची नावं घातली होती. शेवटच्या सीडीवर ‘मॅथ्स थ्री’. ती हातात घेऊन वडील एकदा समाधानाने हसले होते, तेव्हा मला स्वतःच्या डोक्याचं फार कौतुक वाटलं होतं.

रविवारी दुपारी लोडशेडिंग संपलं की आम्ही पडदा ओढून बसायचो. नायक कायद्याचा विद्यार्थी, आमच्याच वयाचा. तो गुन्हेगाराला एकही प्रश्न विचारत नसे. समोर चहा ठेवायचा आणि नुसता बघत बसायचा. समोरच्याची बोटं, गिळलेला आवंढा, कपाचा आवाज. मारामारी नाही, पाठलाग नाही, तरी आमचे श्वास अडकायचे. खाली पळणारी इंग्रजी वाक्यं वाचायला आम्ही दर मिनिटाला चित्र थांबवायचो, आणि त्या थांबलेल्या चेहऱ्यांकडे बघून कोण खोटं बोलतंय त्यावर वाद घालायचो. अशी गोष्ट आम्ही तोवर पाहिलीच नव्हती.

मालिका खोटी कुठे होती ते आज दिसतं. बायका फक्त रडायच्या. मध्यावर कथा भरकटली, कुठून कुठून नवे खलनायक आले. आणि मुख्य म्हणजे नायक ज्याच्यावर संशय घ्यायचा तोच दर वेळी गुन्हेगार निघायचा. लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवल्यावर दुसरं काय होणार! सुरगाण्याचा मात्र तेव्हाच म्हणाला होता, “ह्यात कोणी जेवत नाय, कोणी कामाला जात नाय. लय रिकामी माणसं हायेत.” आम्ही त्याला वेड्यात काढलं.

शेवटचे तीन भाग राहिले असताना ती ‘मॅथ्स थ्री’ गायब झाली. सगळी खोली उलथीपालथी केली. शनिवारी आम्ही तिघं घरी गेलो होतो, सुरगाण्याचा एकटा खोलीवर होता. एवढंच काय ते कारण. खरं कारण वेगळं होतं आणि तेव्हाही मला ते आतून ठाऊक होतं. कळवणच्यांपैकी एखादा एकटा राहिला असता तर मी सीडी मिळेपर्यंत पलंगाखाली शोधत बसलो असतो.

मी चहा केला. एकच कप. तो त्याच्यासमोर ठेवला, खुर्ची ओढली आणि गप्प बसलो. कळवणचे दोघं माझ्या मागे उभे राहिले, त्यांना खेळ लगेच कळला. तो आमच्याकडे बघत राहिला. मग कप उचलला, त्याचा हात थरथरला, चहा बशीत सांडला आणि त्याने मान खाली घातली.

“बास,” मी म्हणालो. “कळलं.”

त्याला चोर असं कोणी म्हटलं नाही. आम्ही फक्त बॅगांना कुलपं लावली. मी कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकला. तो आत आला की बोलणं थांबायचं. दहा दिवसांत त्याने वळकटी बांधली आणि पेठ रोडला गावाकडच्या मुलांच्या खोलीत राहायला गेला. मला वाईट वाटलं नाही, उलट छाती फुगली.

पुढच्याच आठवड्यात मेसवाल्या काकूंच्या मुलीने ती सीडी माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली. ती डिप्लोमाला होती. “ह्यात गणित कुठंय? नुसतं कार्टून आहे,” म्हणाली. तिने गणिताचं काही आहे का म्हणून विचारलं होतं आणि तिच्यावर छाप पाडायच्या घाईत मीच, माझ्याच अक्षरावर विश्वास ठेवून, ती तिच्या हातात दिली होती. देऊन विसरूनही गेलो होतो.

दोन दिवसांनी पेठ रोडला गेलो. तो दारात कपडे वाळत घालत होता. सीडी सापडल्याचं सांगितलं.

“काकूच्या पोरीकडं ना?” तो म्हणाला. “तू दिली तेव्हा मी शेजारीच जेवत होतो.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“मला वाटलं, तू विचारशील. तुम्ही तिघं तसे बसले, मला समजंना काय झालंय. मी भ्यालो. कपडे बघून झाल्यावर समजलं, तर मग बोलायची विच्छाच नाय राहिली.”

कपडे बघून म्हणजे, तो आंघोळीला गेला असताना आम्ही त्याची पिशवी उपसली होती. ते त्याला कळलं नसेल असं मी धरून चाललो होतो. ‘चुकलं माझं’ एवढं म्हणायलाच मी तिथवर गेलो होतो. “बरं, येतो मग,” म्हणून परतलो. कळवणच्या दोघांना सांगितलं, की सीडी मीच शोधून काढली. कुठे, ते सांगितलं नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली.

गेल्या वर्षी त्या दोघांपैकी एकाच्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही तिघं घरच्यांसह जमलो होतो. जेवताना त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. थरथरणारा हात, सांडलेला चहा, सगळं करून दाखवलं. टेबल हसलं, मीही हसलो.

घरी येताना गाडीत बायकोने विचारलं, “खरंच त्यानेच घेतली होती का रे?”

मी गिअर बदलला आणि म्हणालो, “हो.”