दामूची चढलेली पेटी

दामूच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत बसलो होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच बोलल्या. पेणहून रोह्याची गाडी पकडली आणि निडी स्टेशन मागे पडेपर्यंत डोक्यात एकच होतं, सात महिने मी या माणसाशी बोललो नव्हतो. हृदयविकाराने गेला म्हणतात. असेल. पण त्याचं जे आधीच मेलं होतं, त्यात माझा हात होता. आज पाच आठवड्यांनी का होईना, ते लिहायला हवं.

दामू रोह्याला कंपनीत शिफ्ट करायचा आणि शनिवारी भजनाला पेटी वाजवायचा. तीस वर्षं तो पेटीवर, मी पखवाजावर. कान असा, की कोलाडला ट्रकचा हॉर्न ऐकून "काळी दोन" म्हणाला आणि घरी येऊन पेटीवर दाबून पाहिलं तर खरंच काळी दोनचाच सूर! मला त्या कानाचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, हेवाही होता.

चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आधी मला झालं. दाढीचं ब्लेड गालाला लागलं तरी जीव जायचा. डॉक्टरांच्या गोळीने मी आठवड्यात माणसात आलो. सुरुवातीला जरा गरगरलं, बाकी काही नाही. पुढे दामूलाही तेच दुखणं लागलं, तेव्हा मीच त्याला त्या डॉक्टरांकडे नेलं. गोळीही तीच मिळाली. कळ थांबली, दामू पुन्हा पोटभर भाकरी खाऊ लागला आणि मी गावभर शेखी मिरवली.

पंधरा दिवसांनी भजनात तो मध्येच थांबला. "पेटी उतरलीय. अर्धा सूर खाली हाय."

माझा पखवाज त्याच पेटीच्या सुराला लावलेला. मी म्हटलं, "बरोबर हाय रे."

मग दर शनिवारी तेच. तो एक पट्टी वर धरायचा, गाणारे कुरकुरायचे. एकदा हळूच म्हणाला, "गोळीनं तर नसंल?" मी उडवून लावलं, "मी पन तीच घेतो. मला नाय झालं काय!" त्याने डॉक्टरांनाही विचारलं. ते हसले, म्हणाले, वय झालं. शेवटी एका शनिवारी भर मंडळीत मी बोललो, "दामू, पेटी नाय उतरली, तुझे कान गेले. दुसऱ्याला बसू दे." दोघं-तिघं हसले. त्याने भाता मिटला, पेटी उचलली... आणि पुन्हा कधी आला नाही.

पुढचं वहिनींनी तेराव्याला सांगितलं. त्याने घरी पेटी उघडली आणि महिनाभर बसून, कानशीने आतली एकेक सुराची पत्ती घासून, अख्खी पेटी अर्धा सूर चढवली. मग एकटाच वाजवायचा, खुशीत. एक दिवस काय वाटलं कुणास ठाऊक, गोळी बंद केली. थोड्या दिवसांनी पेटीवर बसला आणि म्हणाला, "सुमन, आता चढलेली वाजते गो. गोळीच व्हती ती." वहिनी म्हणाल्या, भाऊजींना सांगा. तर म्हणाला, "त्याला नाय झालं ना काय. त्याला नाय पटायचं." गोळी त्याने परत घेतली नाही. कळ सोसत, पेज गिळत राहिला.

मी पेणच्या नव्या डॉक्टरांना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "होतं कुणाकुणाला, क्वचित. आधी कळलं असतं तर गोळी बदलून पाहिली असती." बदलून! शोकसभेत मात्र सगळे म्हणाले, काय कान होता दामूचा. हसणारेही म्हणाले. मीही बोललो, आणि माझा आवाज मलाच किळसवाणा वाटला.

पेटी आता माझ्याकडे आहे. सकाळी तीच गोळी घेतो आणि काळी दोन दाबतो. मला ती चढलेलीच ऐकू येते. दामूला काय ऐकू येत होतं ते मला कधीच कळणार नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, उतरवून देतो. मी नको म्हटलं.

भजनाला मी जात नाही. शनिवारी दार लावून घेतो, हातोडी घेतो आणि पखवाज दामूच्या पेटीला लावतो. चार ठोक्यांत लागतो... तो एक पट्टी वर धरायचा, तेव्हाही लागला असता.