कागदावरचे सैन्य आणि सबनीससाहेब

दिगंबरराव सबनीस यांची माझी ओळख खैरानच्या किनाऱ्यावर झाली. मराठी मंडळाची सहल होती आणि जेवणाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली होती. नावे भरपूर आलेली. तेवढ्यांचा स्वयंपाक सांगायला निघालो, तर एका अनोळखी गृहस्थांनी मला थांबवले. "अहो, नावं देणारे सगळे येतात होय? बाहेर गाड्या बघा. त्यातल्याही निम्म्या शेजारच्या सुट्टीच्या बंगल्यांत उतरलेल्यांच्या." त्यांच्या अंदाजाने सांगितलेले जेवण पुरले आणि उरलेही नाही. कुवेतमधल्या मराठी सहलीत असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते.

साहेब शुऐबातल्या एका कारखान्यात हिशेबनीस. जीव मात्र नेपोलियनकालीन लढायांत, त्यातही एकाच प्रश्नात: लढाईच्या सकाळी मैदानात खरोखर किती माणसे उभी होती? हजेरीपटावरचे सैन्य हे कागदावरचे सैन्य. ती हजेरी कधीची, त्यानंतर किती आजारी पडले, किती वाटेत मागे राहिले, किती पूल राखायला ठेवले, हे वजा करत ते आकड्याच्या जवळ जात. वर्षानुवर्षे शुक्रवारच्या सुट्या यातच गेल्या. आडनाव सबनीस, तेव्हा पूर्वज फौजेची हजेरी घेत असणार, असे आम्ही चिडवायचो. "रक्तातच आहे ते. पगार तेवढा बंद झाला," असे ते म्हणत.

मराठी अभ्यासक इथे एक चूक हमखास करतो, असे ते बजावत. आपल्या फौजांबरोबर न लढणारे बाजारबुणगे असत, म्हणून मोठा आकडा दिसला की त्यातून बुणगे वजा करायची आपल्याला सवय. फ्रेंचांच्या हजेरीत बुणगे धरलेलेच नसतात. जे मोजलेच नाहीत ते वजा कसे करणार? मंडळाच्या व्याख्यानात कोणी तसे केले, तर साहेब त्याला भर सभेत थांबवायचे. आवडता पक्ष जिंकावा म्हणून झुकवलेला आकडा त्यांना खपत नसे. त्यापायी काही मित्र तुटले, पण त्याची त्यांनी फिकीर केली नाही.

हा कडकपणा पुस्तकांपुरता होता. माझे वडील गेले तेव्हा मला विमान मिळाले नाही. अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घ्यावे लागले. साहेब न बोलावता आले, शेजारी बसून राहिले आणि तिकडे अग्नी दिल्यावर त्यांनीच मला आंघोळीला पाठवले. सख्ख्या भावाने तरी याहून वेगळे काय केले असते?

पुढचे लिहवत नाही. पण सबनीस वहिनी म्हणाल्या, "भावजी, खोटं कौतुक नको. ह्यांना ते आवडलं नसतं." म्हणून लिहितो. साहेबांना विस्मरणाचा आजार जडला आहे आणि डॉक्टरांनी आशा दिलेली नाही. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण साहेबांच्या साठीच्या या समारंभात कृपया कोणी गमतीनेही काढू नये. त्यांच्या पुस्तकाचे वॉटर्लूवरचे शेवटचे प्रकरण राहिले आहे. ते पुरे करू शकेल असा आमच्यात कोणी नाही. मीही नाही.

गेल्या शुक्रवारी गेलो, तर साहेब त्याच प्रकरणावर बसले होते. "झालं बघा! बुणगे वजा केले, आता फ्रेंचांचा आकडा जमतो."

"साहेब, फ्रेंचांत बुणगे धरलेले नसतात."

त्यांचा चेहरा पडला. "अरेच्या! बरं झालं सांगितलंत." त्यांनी सगळे खोडले. चहा येईपर्यंत पुन्हा वजा करून हसत मला दाखवले. मी पुन्हा सांगितले आणि त्यांचा चेहरा पुन्हा पडला. त्यानंतरही तेच. मी तोंड उघडणार, तोच वहिनी हळूच म्हणाल्या, "नका सांगू हो, भावजी. दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळतं."

"बरोबर आहे ना?" साहेबांनी विचारले. मी "बरोबर आहे" म्हटले.

आता दोघे कायमचे सांगलीला परत जातील. साठीला 'शतायुषी व्हा' म्हणायची रीत आहे. मी एवढेच मागतो: साहेब वहिनींना ओळखतील ती वर्षे भरपूर असोत आणि त्या वर्षांत ते धडधाकट असोत. त्यापुढचे आयुष्य मागायला माझी जीभ रेटत नाही.