माझा फ्रॉक फाटलेला नव्हता

"हिलना मत," मॅडम म्हणाल्या. मी स्टुलावर बसले.

रायपूरला चौबे कॉलोनीत त्यांचं घर. रविवारी तिथं पोरांचा चित्रकलेचा क्लास चालायचा. आई त्यांच्याकडे भांडी घासायची. मी चौथीत होते. मलाही शिकायचं म्हणून हट्टानं आईसोबत आले होते. भीमजयंतीला घेतलेला निळा फ्रॉक आईनं इस्त्री करून मला घातला होता.

मॅडमनी मला कागद दिलाच नाही. पोरांसमोर बसवलं आणि त्यांना म्हणाल्या, "गरीब लड़की बनाओ. थोड़ा फटा-वटा दिखाओ."

मी हलले नाही. वाटलं, नीट बसले तर नंतर कागद मिळेल.

मग चित्रं भिंतीवर लागली. प्रत्येक चित्रात माझा फ्रॉक फाटका. एका पोरानं तर माझ्या हातात भिकेचा कटोरा दिलेला. मॅडमनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. आई ओले हात पुसत दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं आणि परत आत गेली.

घरी जाताना मी विचारलं, "आई, माहा फ्रॉक फाटला होता का?"

"नाई."

"मंग त्याइनं काहून फाडला?"

आई भरभर चालत राहिली.

त्यानंतर कित्येक वर्षं मी कोणाला माझा फोटो काढू दिला नाही. कोणी पाहिलं की कपडे चाचपायचे. नोकरी लागल्यावर रंग आणले. पहिलं चित्र त्या खोलीचंच झालं. स्टुलावरून मला जे दिसत होतं, ते. पोरांचे चेहरे. मॅडमचा चेहरा. मी त्यात नाही.

यंदा ते एका प्रदर्शनात लागलं. उद्घाटनाला पाहुण्या म्हणून त्याच मॅडम. चित्रासमोर थांबल्या. स्वतःला आणि मलाही ओळखलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बेटा, तुम तो हमारे घर की बच्ची हो. मेरा चेहरा थोड़ा मिटा दो ना."

त्यांच्या मागोमाग आलेला आयोजक घाईनं म्हणाला, "हव दीदी, कर दो. नहीं तो उतारना पड़ेगा."

हात कपडे चाचपायला लागले. तीच जुनी लाज. पण तोंडातून मराठीच निघालं.

"नाई मिटवत. जसं पाह्यलं तसं काढलं मी."

चित्र मीच उतरवलं. ऑटोत मावेना. मग भर सदर बाजारातून पायी नेलं. चित्राची बाजू बाहेर, लोकांकडे.

आता दुसरं काढून राहिले. त्यातही चेहरे आहेत. भिंत दिली तर भिंतीवर लावीन. नाही दिली तर चौकात उभं करीन. पुसणार मात्र एकही नाही.